शालनकाकीच्या शेजारची जागा

जाहीर निवेदन!

तमाम सुज्ञ वाचकांस, आणि भुताखेताचं नाव निघालं की पान उलटायच्या ऐवजी खुर्ची पुढं ओढून बसणाऱ्या सर्व दर्दी मंडळींस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्रस्तुत लेखक पूर्ण शुद्धीवर आहे. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, वजन उंबरठा ओलांडून बरंच आत. चष्मा आहे, पण नंबर ताजा आहे. घटना भर दुपारची असून घटनेपूर्वी लेखकाने ताकाखेरीज काहीही घेतलेले नव्हते. याबाबत कुणाची हरकत असल्यास ती त्यांनी स्वतःपाशीच ठेवावी, इथे पाठवू नये.

हुश्श. झालं एकदाचं.

आता साध्या मराठीत सांगतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे इतका नव्हता, की आमच्या मित्रमंडळात कुणी अमानवीय किस्सा सुरू केला की लोक आधी माझ्याकडं बघायचे — हा आता माती करणार! कळंब्याच्या तळ्याकडं संध्याकाळी पांढरं काहीतरी हवेत हलतं, अशी एकदा आवई उठली होती. मी मुद्दाम स्कूटर काढून गेलो. कुणाचं तरी धोतर होतं. वाळत घातलेलं. मी ते धोतर मालकाला परत दिलं आणि पुढचे सहा महिने तो किस्सा जिथं तिथं हावभावासकट सांगत सुटलो. असा मी माणूस! त्यामुळं खाली जे लिहिणार आहे ते लिहिताना माझी मलाच जरा लाज वाटतेय... पण लाजेपेक्षा हळहळ जास्त आहे. ती का, ते कळेलच.

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं. बाळकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एका हायस्कूलात चित्रकलेचे मास्तर. बुटके, गोरे, आवाज मात्र तालमीत घुमणारा. आणि नाद एकच — फोटो! लग्न, बारसं, मुंज, डोहाळजेवण, कुणाची नवी मोटरसायकल, कुणाची व्यालेली म्हैस... काका कॅमेरा आणि तिवई घेऊन हजर. ट्रायपॉडला ते तिवई म्हणायचे. लाकडी, तीन पायांची, पितळी स्क्रूची. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेली. शालनकाकी तिला 'सवत' म्हणायची.

"माझ्याआधी सवत तयार होतीय," काकी सांगायची. "मी पदर खोचंस्तवर ती दारात उभी! पुसून-बिसून."

काकांची फोटो काढायची एक रीत होती. ती नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

'हसा' किंवा 'स्माईल' हे शब्द त्यांना चालत नसत. म्हणायचे, "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतोय, हसत न्हाय." म्हणून ते तिवईवर कॅमेरा लावायचे, एकदा त्यातून बघून सगळं जुळवायचे, आणि मग बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला उभे राहायचे. हातात लांब वायरीचं बटण. सगळे गप्प झाले, ताठ झाले, की अचानक त्या तालमीतल्या आवाजात ओरडायचे —

"तांबडा का पांढराऽऽ?"

बस्स! कोल्हापुरात हा प्रश्न विचारून कोण गप्प बसेल? मटणाचा तांबडा रस्सा मोठा की पांढरा, यावर आमच्या घरात सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नसत. अर्धे 'तांबडा' ओरडायचे, अर्धे 'पांढरा', एखादा 'दोन्ही', आणि त्या कालव्यात काका बटण दाबायचे. त्यामुळं आमच्या घरचे फोटो बघाल तर कुणी आंब्याएवढं तोंड उघडलंय, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालतंय. आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्यात नाही, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तिथं काका उभे असायचे ना! बाहेरचं माणूस विचारायचं, "हे सगळे बघतायत कुठं?" आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचंच नाही.

"काका, टायमर लावा आणि तुम्ही पण या की!" असं दर वेळी कुणीतरी म्हणायचं. काकांचं उत्तर ठरलेलं.

"टायमरला डोळं असत्यात व्हय? कोण मिटलंय, कोणाचा पदर उडालाय, त्याला काय कळतंय? पुढच्या येळी येतो."

तर असे आमचे बाळकाका दोन वर्षांमागं गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि गेले. आणि दुपारी लक्षात आलं की हार घालायला फोटो नाही.

विचार करा! ज्या माणसानं अख्ख्या भावकीच्या भिंती भरल्या, त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं त्या वर्षी लग्नाचा अल्बम भिजून त्याचा लगदा झालेला. भिंतीवर उंच होता म्हणून एकच लग्नातला फोटो वाचला होता, आणि त्यात काकी एकटी उभी — मुंडावळ्या, हार, शालू, सगळं आहे, नवरदेव नाही! कारण फोटोग्राफरचा फोकस पसंत पडेना म्हणून नवरदेवानं स्वतःच कॅमेरा हातात घेतला होता. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात काका पोलिसांनी नुकतेच धरून आणल्यासारखे दिसतात. काकी अजूनही त्याला हार घालताना तोंड वाकडं करते. "कोण बाई ह्यो," म्हणते.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर काही महिन्यांनी रेखाचा आजऱ्याहून फोन आला. रेखा म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी.

"सुधीरदादा, तुझ्याकडं बाबांचा आईबरोबरचा एक तरी फोटो हाय काय? कसला बी चालंल. पाठमोरा असला तरी चालंल."

"का गं?"

"आईला विचारलं मी, वाढदिवसाला काय पाहिजे. साडी नको म्हणाली, बांगड्या नको म्हणाली. म्हणाली, ह्यांच्याशेजारी मी उभी हाय असा एक फोटो मिळतोय का बघ." मग म्हणाली, "आईनं आजवर कधी काय मागितलं न्हाय रे, दादा."

मी कामाला लागलो. मामेभाऊ, आत्या, व्याही, शेजारी... ज्याच्या लग्नात काका फोटो काढायला गेले होते त्याच्या घरी मी जुने अल्बम मागायला गेलो. सगळीकडं चहा मिळाला, फोटो मिळाला नाही. शेवटी सगळे अल्बम घेऊन एका दुपारी काकीच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, मांडून बसलो. एकेक पान उलटत होतो, आणि हळूहळू मला काहीतरी दिसायला लागलं.

प्रत्येक ग्रुप फोटोत काकीच्या डाव्या बाजूला एक फट होती.

बाकी माणसं खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी. आणि काकीच्या शेजारी बरोबर एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. माझ्या मुंजीत. रेखाच्या लग्नात. पन्हाळ्याला सहलीला गेलो होतो, तिथं तीन दरवाजापाशी. काकीचे केस काळ्याचे पांढरे झाले, साडीची फॅशन तीनदा बदलली, फट आपली जागच्या जागी!

"काकी," मी म्हटलं, "तुझ्या शेजारी ही फट का गं सगळीकडं? लहानपणी आम्ही म्हणायचो, काकीला गर्दी आवडत नाही."

काकी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "फट न्हाय ती. जागा हाय."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? तुझ्या काकाची! दर येळी म्हणायचं, तू हो म्होरं, जागा धर, ह्यो एक शेवटचा काढतो अन् आलोच."

"जागा धर? एस्टीत धरतात तशी?"

"तशीच की! पण शेवटचा कवा शेवटचा असतोय व्हय त्यांचा? कोण तरी डोळं मिटलेलं असायचं. परत एक. कोण तरी हललेलं असायचं. परत एक. तवर जेवण गार व्हायलंय म्हणून सगळी पंगतीला पळायची. अन् मी आपली हुबी."

"मग ओढून आणायचंस की त्यांना!"

तेव्हा तिनं मान वर केली. "चारचौघांत? सासू-सासऱ्यांफुडं, थोरल्या दिरांफुडं, नवऱ्याचा हात धरून ओढू? शोभलं असतं व्हय रं ते?" परत शेंगा मोडायला लागली. एक मोडली, दुसरी मोडली. मग शेंगांनाच सांगितल्यासारखं म्हणाली, "धराय पायजे हुता. काय म्हणली असती लोकं... दोन दिस हसली असती."

 काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "काकी, कॉम्प्युटरवर तो आधार कार्डाचा फोटो या फटीत — जागेत — बसवता येतो. कळत पण नाही."

"त्या चोराशेजारी मला हुबी करतोस व्हय रं, सुध्या?"

विषय संपला.

आता मुख्य प्रसंग. आमच्यात दरवर्षी थंडीत मळ्यावरचं जेवण असतं. पन्हाळ्याच्या रस्त्याला पोपटदादाचा उसाचा मळा आहे. पोपटदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. मळ्यात पत्र्याची शेड, शेडच्या मागं स्वयंपाकाचं चुलवण, पुढं मोकळं अंगण, आणि अंगणातून समोर पन्हाळा दिसतो. सगळी भावकी जमते. हे जेवण काकांनीच सुरू केलेलं. खरं म्हणजे फोटोसाठीच! ते गेल्यावर एक वर्ष कुणी नावच काढलं नाही. यंदा काकीच म्हणाली, "करा. न्हायतर त्यांना वाटंल, मी गेलो अन् ह्यांनी चूल इजिवली."

रविवार होता. आचारी नवीन होता, सांगलीकडचा. पोपटदादानं कुणाच्या तरी ओळखीनं आणलेला. आमच्यातलं कुणी त्याला ओळखत नव्हतं, तो आमच्यातल्या कुणाला ओळखत नव्हता. हे ध्यानात ठेवा.

रेखा आजऱ्याहून काजूची पिशवी घेऊन आली. पोरं ऊस मोडून खात होती. काकी रिक्षातून उतरली ती काखेत काहीतरी लांबडं, चादरीत गुंडाळलेलं घेऊन.

"हे काय आणलंस, काकी?"

"सवत!" काकी म्हणाली. "तिला बी आणायचीच की. ती काय एकटी घरात बसणार हाय? धर, लाव तुझा फोन हिच्यावर."

सगळे हसले. मी तिवई अंगणात उभी केली. फोन तिच्यावर बसेना, मग माझ्या बायकोनं, वैशालीनं, केसांचं रबर काढून तो बांधून दिला. जेवणाआधी फोटो, हा काकांचा नियम. जेवल्यावर माणसं झोपाळू दिसतात. म्हाताऱ्यांना खुर्च्या, पोरं खाली मांडी घालून, बाकीचे उभे. मी फोनमधून बघितलं. आणि काकीच्या डाव्या बाजूला...

फट!

"काकी, जरा सरक की! मधी मोकळं दिसतंय!"

"दिसू दे."

पोपटदादाला वाटलं, आपण मदत करावी. तो आपलं पोट सावरत त्या जागेत शिरायला गेला. काकीनं कोपरानं त्याला असा काही ढोसला की बिचारा दोन पावलं मागं गेला.

"हितं न्हाय, पोपट. हितं माणूस हाय."

काकी 'होता' म्हणाली नाही. सगळ्यांना ऐकू गेलं, आणि सगळे एकदम उसाकडं, आभाळाकडं, स्वतःच्या चपलांकडं बघायला लागले. मी घाईघाईनं म्हटलं, "चला चला, टायमर लावतोय, एकापाठोपाठ तीन फोटो निघतील, कुणी हलू नका!" बटण दाबलं आणि पळत जाऊन रांगेच्या टोकाला उभा राहिलो.

फोनचा दिवा लुकलुकत होता. मी त्या दिव्याकडंच बघत होतो, हे मला पक्कं आठवतं. शपथेवर सांगतो. कुणी बोललं नाही. पोरं सुद्धा गप्प होती. लांबून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी येत होती, तेवढीच. एक क्लिक. दुसरा. तिसरा. "झालं!" मी ओरडलो, आणि सगळे सैल झाले.

आणि शेडच्या मागून आचारी आला. हातात पळी, कपाळावर घाम, चेहरा वैतागलेला.

"अवो पावणं, दोन्ही हाय की! तांबडा बी हाय, पांढरा बी हाय. वाढलं म्हंजे घ्या की काय पायजे ते. वरडताय कशाला एवढं?"



"कोण ओरडलं?" पोपटदादानं विचारलं.

"मला काय ठावं? मी मागं हाय. 'तांबडा का पांढरा' म्हणून एक जण वरडला, अन् मग तुमी सगळ्यांनी कालवा केला की!" तो आमच्या तोंडांकडं बघायला लागला. "चेष्टा करता काय गरिबाची?"

कुणीच चेष्टा करत नव्हतं. आमच्यातलं कुणी ओरडलं नव्हतं. कुणी म्हणजे कुणीच.  मी तिवईकडं गेलो. चालत गेलो, पळालो नाही, हे माझ्या हिमतीचं प्रमाणपत्र समजा. रबर सोडवून फोन काढला आणि फोटो उघडले.

पहिला फोटो: सगळे ताठ, लेन्समध्ये बघतायत, पासपोर्टला बसल्यासारखे. दुसरा: तसाच, एका पोराचे डोळे मिटलेले.

तिसरा...

तिसऱ्या फोटोत सगळे हसतायत. दात दाखवत नाहीत, हसतायत! वैशालीचं डोकं मागं पडलंय. आत्यानं हात उचललाय शेजारणीला गप्प करायला. पोपटदादाच्या तोंडाचा आ झालाय. तो आ 'तांबडा'तला आहे, हे आमच्या घरातलं शेंबडं पोर सांगेल. आणि डॉक्टरनं तांबडा बंद केल्यापासून वहिनीदेखत तो शब्द उच्चारायची त्याची टाप नाही. मी स्वतः — जो दिव्याकडं बघत होतो, शपथेवर — मी त्यात दिव्याकडं बघत नाही. कुणीच बघत नाही. सगळ्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला आहे. एकाच जागी. काकांच्या प्रत्येक फोटोत असायची तशी.

आणि काकी. एवढ्या सगळ्या अल्बममध्ये तिचे दोन्ही हात नेहमी पदरात गुंडाळलेले. इथं तिचा डावा हात पदराच्या बाहेर आहे. त्या मोकळ्या जागेतून पुढं आलेला. कॅमेऱ्याच्या दिशेनं, तळवा उघडा. एखाद्याला धरून ओढून घ्यायला करतात तसा.

फोन हातोहात फिरला.  

आता तुम्ही म्हणाल, मी काय केलं? मी तेच केलं जे धोतराच्या वेळी केलं होतं. कारण शोधलं. एकेकाला गाठून विचारलं: तू ओरडलास का? तू हसलास का? सगळे 'नाही' म्हणाले, आणि आमच्या घरातली माणसं खोटं बोलली की लगेच कळतं, कारण ती फार मोठ्यानं बोलतात. एखादा पक्षी उडाला असेल आणि सगळ्यांनी तिकडं बघितलं असेल? मग पक्षी बघून 'तांबडा' कोण ओरडतं? आचाऱ्यानं ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकलं असेल? असलं गाणं असतं तर मला पाठ असतं. सगळ्यांच्या मनात एकच होतं म्हणून एकदम तसं झालं असेल? असेल बाबा. पण मनातलं आचाऱ्याला चुलीपाशी कसं ऐकू गेलं?

जेवणं झाल्यावर, आणि तांबडा-पांढरा दोन्ही उरला एवढं सांगितलं की जेवणं कशी झाली ते कळेल, मी आणि वैशाली परत अंगणात गेलो. ती खुर्चीवर काकीच्या जागी बसली, फोटो समोर धरून. मी तिवईच्या उजव्या बाजूला उभा राहिलो.

"हे लोक बघतायत ती जागा हीच का?"

"थोडं इकडं... हां. आता खाली."

"खाली म्हणजे?"

"तुमच्या तोंडाच्या खाली बघतायत सगळे. वाका जरा. अजून." मी वाकलो. वैशाली एकदम थांबली आणि म्हणाली, "काका तुमच्यापेक्षा बुटके होते ना हो?"

मी तिथून बाजूला झालो. लगेच झालो.

तर, मंडळी, आजतागायत माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही. फोनवाल्याला दाखवला, तो म्हणाला फोटोत काही केलेलं नाही. एका जाणकार मित्राला दाखवला, तो म्हणाला, "चांगला फोटो आहे की, काय प्रॉब्लेम आहे?" काहीच प्रॉब्लेम नाही! आमच्या घरातला हा सगळ्यात चांगला फोटो आहे. मोठा करून काकीच्या सोप्यात लावलाय, आधार कार्डाच्या शेजारी. मित्रांत मी आता कुणाच्या किश्श्याची माती करत नाही. धोतराचा किस्साही सांगत नाही.

पण भीतीचं म्हणाल तर ती संध्याकाळपर्यंत विरली. राहिलं ते दुसरंच. इतकी वर्षं आम्ही 'काका, या की' म्हणायचो ते पंगतीकडं जाता जाता, पाठ फिरवून. कुणी तिवईपाशी जाऊन ते वायरीचं बटण हातातून काढून घेतलं नाही. एक मिनिटाचं काम होतं. कुणीही केलं असतं, आणि म्हणून कुणीच केलं नाही. रेखाला तिच्या आईच्या वाढदिवसाला जे द्यायचं होतं ते आता जगात कुणी देऊ शकत नाही. आणि हा फोटो, ज्यात काका असलेच तर कॅमेऱ्याच्या मागच्याच बाजूला आहेत, तो तिला द्यावा लागला.

एक सांगायचं मुद्दाम मागं ठेवलंय. फोन फिरत फिरत शेवटी काकीच्या हातात गेला होता, तेव्हाचं. काकीनं चष्मा लावला. फोटो लांब धरला, जवळ धरला. आधी स्वतःचा पुढं आलेला हात बघितला. शेजारची जागा बघितली, ती मोकळीच होती. मग आम्ही सगळे ज्या बाजूला बघतोय, ती बाजू बघितली.  वाटलं, म्हातारी आता कोसळते. रेखा धरायला पुढं झाली. पण काकीनं तिला बाजूला सारलं, ताडकन उठून फोन खुर्चीवर आपटला. ज्या बाईनं जन्मात कधी चारचौघांत नवऱ्याशी मोठ्यानं शब्द काढला नव्हता, ती अख्ख्या भावकीसमोर, आचाऱ्यासमोर, अंगणात एकट्या उभ्या असलेल्या तिवईकडं हात करून पन्हाळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली:

"अवं, मेलासा तरी तितंच हुबं का? सोडा की आता त्या सवतीला, अन् या हिकडं माझ्याजवळ! किती दिस जागा धरू मी?"